पाण्यातलं औषध

बिराप्पाची पहिली काठी बळीरामच्या पोटरीवर बसली, दुसरी गुडघ्यावर. तळ्याकाठच्या बाभळीला त्याला बैलाच्या कासऱ्यानं करकचून बांधलेलं, त्यामुळे खाली पडायचीही सोय नव्हती. पायाशी त्याचा फवारणीचा पंप आडवा टाकला होता. पुराव्याला तेवढा पुरे होता. साऱ्या गावच्या तुरीवर औषध मारायचं काम बळीरामचं, आणि आज सकाळी तळ्यातले झाडून सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते.

"काल पंपाला हातबी लावलो न्हाई, अण्णा," बळीराम म्हणाला. "पोरीची शप्पत."

"तुमची जनावरं घाटावर येऊ दिलो न्हाई, त्याचा राग काढलास," बिराप्पा म्हणाला. "माझी मेंढरं हितंच पाणी पित्यात. ती मेली असती तर?"

उत्तर ऐकायला तो थांबला नाही. तिसरी काठी तोंडावर बसली आणि बळीरामनं रक्तासोबत दात थुंकला.

तेवढ्यात गर्दीत घुसून विशाखा पुढं आली. बळीरामची लेक. छातीशी पाणी तपासायची लाकडी पेटी धरलेली. विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत होती. समुद्र जन्मात पाहिला नव्हता, पण समुद्रातल्या जिवांचा पेपर पहिल्या वर्गात पास झाली होती. अभ्यासाला मात्र गावचं तळं तिनं सरांकडून हट्टानं मागून घेतलं होतं.

"थांबा! हे विषानं न्हाई झालं," ती ओरडली. "मासे गुदमरून मेलेत."

मागून कुणीतरी खो खो हसलं. "मासा पाण्यात गुदमरायलाय म्हणं!"

"व्हय, गुदमरतो! पाण्यातबी हवा असती. शेवाळाला ऊन मिळालं की ते हवा सोडतं, रात्री तेच शेवाळ हवा खातं. इतके दिस आभाळ हाय, ऊन न्हाई. रात्री हवा सरली." तिला धाप लागली होती. "बिराप्पाअण्णा, तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते. मग तरी सोडताल का माझ्या दादाला?" बापाला ती दादा म्हणायची.

बिराप्पानं काठी टेकवली. "दाखव."

विशाखा गुडघाभर पाण्यात शिरली. मेलेले मासे हातानं सारून तिनं काचेची बाटली बुडवली, काठोकाठ भरून घेतली. पेटीतून दोन लहान बाटल्या काढल्या. थेंबही सांडू दिला नाही. रसायन म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण लोकांना कळेल असं बोलावं, म्हणून ती म्हणाली, "आता मी पाण्यात औषध टाकते. हवा असली तर पाणी चहावानी तांबडं हुईल. नसली तर पांढरं हुईल."

तिनं एकीतलं टाकलं, दुसरीतलं टाकलं, बूच लावून बाटली हलवली.

पाणी पांढरंफेक झालं.

"बघा!" विशाखाचा आवाज आनंदानं चिरकला. "पांढरं झालं! बघा सगळे!"

सगळे बघतच होते. त्यातल्या एकाही माणसानं तांबडं की पांढरं एवढा विचार केला नाही. करायची गरजच नव्हती. तुरीवर मारायचं औषध पंपातल्या पाण्यात ओतलं की पाणी अस्संच पांढरं होतं, हे त्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

"औषध टाकते म्हणाली," एक म्हातारी पुटपुटली. "सोताच्या तोंडानं म्हणाली."

"बाप मारायलाय तुरीवर, अन् लेक तळ्यात," बिराप्पा म्हणाला. काठी पुन्हा उचलली गेली. या खेपेला ती एकट्याची नव्हती. बरगडी मोडल्याचा आवाज विशाखाला स्पष्ट ऐकू आला.

"हे तसलं औषध न्हाई! विष न्हाई हे!" ती बापाच्या आणि काठ्यांच्या मधे घुसली. एक रट्टा तिच्या खांद्यावर बसला.

"विष न्हाई?" बिराप्पानं तिच्या हातातली लहान बाटली हिसकावली. "मग पाजतो ह्याला. काई झालं न्हाई तर सोडतो. गावासमोर बोलायलोय."

विशाखाच्या तोंडचं पाणी पळालं. त्या बाटलीत कातडी जाळणारा कडक खार होता. प्रयोगशाळेत एकदा बोटावर त्याचा थेंब सांडला, तर कातडी सोलून निघाली होती.

बळीरामनं मात्र मान वर केली. सुजलेल्या डोळ्यांत कुठंतरी हसू होतं.

"वता, अण्णा," तो म्हणाला. "माझी पोर न्हाई म्हणती म्हंजी न्हाई. तिच्या औषधानं मला काई व्हत न्हाई." आणि त्यानं तोंड उघडलं.

बिराप्पानं बाटली तिरपी केली.

"नको!" विशाखा किंचाळली. "दादा, तोंड मिटा! नरडं जळून जाईल!"

तिनं झेप घेऊन हात मारला. बाटली दगडावर फुटली. शिंतोडे उडाले आणि गर्दी दोन पावलं मागं सरकली.

बळीरामचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं लेकीकडं पाहिलं, तिच्या दुसऱ्या हातातल्या पांढऱ्या पाण्याकडं पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडं. ती नजर विशाखाला कळली. गावानं संशय घेतला तेव्हा तिला राग आला होता. आता बापालाही तेच वाटत होतं.

"दादा, तुमीबी? न्हाई हो, मी न्हाई..."

"तू गप," बळीराम म्हणाला. मोडक्या बरगडीत श्वास भरून तो सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला, "मीच टाकलो औषध! पंपच्या पंप रिकामा केलो तळ्यात. पोरीला काई ठावं न्हाई. तिला सोडा."