ताकदीची गोळी

"नाना, रोज चालता ना?"

"चालतो की! ओट्यावरून बाजेवर."

आरोग्य केंद्राच्या ढगे डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. साखर तीनशेला टेकलेली, पाय बधिर होऊ लागलेले, आणि हा गडी दिवसभर घोरून रात्री टक्क जागा! सांगून सांगून बाईंची जीभ झिजली. शेवटी त्यांनी डाव टाकला. नेहमीच्या औषधांवर ताकदीची एक साधी गोळी वाढवली.

"ही रोज इथंच येऊन घ्यायची. चालत! गाडीवर आलात तर गुण जातो."

नानाने शिव्या घातल्या, पण रोज दोन मैल तुडवले. दोन महिन्यांत साखर उतरली, रात्रीची झोपही यायला लागली.

"जबरी गोळी हो, म्याडम!" नाना खुशीत म्हणाला. "आता महिन्याभराच्या एकदम द्या, म्हणजे ही रोजची पायपीट वाचेल!"