दोन हॉर्न

"बाबा, मी खाली जाऊन राहिली. मी सांगन तेवढंच करा, बाकी कशाले हात लावू नका," माया म्हणाली आणि पाठीवर सरकत ट्रकखाली शिरली.

जानराव वर स्टिअरिंगपाशी बसला होता. ट्रक उतारावर उभा होता. शेंदूरजनाघाटच्या थंडीत हे म्हातारं इंजिन सकाळी काही केल्या पेटत नसे, इंजिन तापवणारा हिटर कधीचाच मेलेला. म्हणून संध्याकाळी घरासमोरच्या उतारावर लावायचा आणि सकाळी घरंगळत सोडून चालू करायचा, ही जानरावची बावीस वर्षांची रीत. हातब्रेक नावालाच. पायब्रेकला इंजिन लागल्याशिवाय जोर नाही. सगळा भार मागच्या चाकापुढे अडकवलेल्या बाभळीच्या ठोकळ्यावर. आणि आज त्या ट्रकखाली त्याची एकुलती एक पोर उताणी पडली होती.

"माया, राहू दे ना व. उतारावरून सोडतो, होते चालू. बगीच्यात संत्रं तोडाले माणसं आली असतीन."

"अन् अर्ध्या रस्त्यात बंद पडली तं? तिथं उतार कुठून आणसान?" खालून आवाज आला. "गिअर काढा. चुकून स्टार्टर लागला तं गाडी उडी मारन."

अकोल्याच्या एका गॅरेजात डिझेल मेकॅनिक होती माया. बापापेक्षा तिला जास्त कळत होतं, हे बापालाही मान्य होतं. काल उशिरा आली आणि आज फटफटताच पाना घेऊन धुक्यात बाहेर पडली. आईच्या लेखी ती अजून गोधडीतच होती.

जानरावने गिअर काढला.

"हे पाहा, वायरीच्या टोकाले गंजच गंज. करंट जाईन कसा हिटरपर्यंत?" खाली खरवडल्याचा आवाज आला, मग पाना फिरल्याचा. "आवळलं. आता एक हॉर्न मारा."

त्याने मारला.

"आता हिटरचं बटन दाबून धरा अन् अजून एक मारा. आवाज पडला का समजाचं, हिटर करंट खाऊन राहिलं."

दुसरा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजला.

"पडला! पडला व आवाज!" जानराव लहान पोरासारखा ओरडला. शाब्बास माही वाघीण! घडीभर त्याची भीतीच पळाली.

तेवढ्यात मागे कुंपणापाशी बांगड्या वाजल्या.

अरे देवा! बावीस वर्षं रोज सकाळी दोन हॉर्न वाजले की त्याची बायको ललिता चुलीपासून उठायची, कुंपणाच्या खांबाला अडकवलेली दोरी धरायची आणि एका हिसक्यात चाकापुढचा ठोकळा ओढायची. विचारायचं नाही, वाकून बघायचं नाही. दोन हॉर्न झाले की ओढायचा. आणि ते दोन्ही हॉर्न आज त्याने आपल्या हाताने वाजवले होते.

"नको व!" तो किंचाळला. काच वर होती. ठोकळा खडखडत निघाला. ट्रक हलला.

त्याने ब्रेक दाबला. पाय तळाला जाऊन टेकला. डावीकडे मातीचा बांध होता. हात म्हणत होते, वळव, घाल बांधात. पण वळवला तर मागचं चाक पोरीवरून जाणार. सरळ ठेवला तर ती दोन्ही चाकांच्या मधून सुटेल, मान उचलली नाही तर. "निजून राय माया, निजून राय," तो पुटपुटत राहिला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून बसला. जन्मात त्याने काही इतकं घट्ट धरलं नव्हतं. ट्रक पुढे पुढे जात होता आणि तो कान देऊन ऐकत होता, मागून ओरडणं येतं का, चाक कशावर चढतं का.

आता पोरगी मागे सुटली असणार, असं वाटल्यावर त्याने गिअर टाकला. इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. धूर नाही, खोकला नाही. ब्रेक धरला. ट्रक थांबला. आरशात बघायची त्याची छाती होईना.

"काय व माय! आज एका दमात लागली!" मागून ललिताचा आवाज आला. मग, "अन् तू कवा उठली व?"

जानरावने मान वर केली. रस्त्याच्या मधोमध माया उभी होती, हातात पाना, चेहरा पांढराफटक. आरशातून ती बापाकडेच बघत होती. तिने एवढीशीच मान हलवली. सांगू नका.

"आत्ताच उठली," ती आईला म्हणाली.

"अन् पाठ कशी भरवली! मातीत लोळाले लहान हायेस का?" ललिता पदराने तिची पाठ झाडू लागली. "थरथरून राहिली न पोरी. चाल, चुलीपाशी बस."

"हिटर चालू झालं आई. आता उतारावर लावाचं काम नाही."

"मंग माही दोरी सुटली म्हणा की." ललिता हसली, पण हसणं जरा उतरलेलंच होतं. पोरीची पाठ झाडता झाडता तिने ट्रककडे तोंड करून मोठ्याने विचारलं, "अवो, बावीस वर्षांत एक दिवस तरी चुकली का मी? हॉर्न वाजला का ठोकळा निघालाच!"

जानरावने नाही म्हणून मान हलवली. स्टिअरिंगवरची त्याची बोटं अजून सुटत नव्हती.