अनुसयाबाईंनी मोडून ठेवलेली बंदूक

मुलांनो, असं समजा, की तुम्ही कळमनुरीच्या एसटीत बसला आहात. शेजारी एक आजोबा आहेत, नामाजी. त्यांच्या मांडीवर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं आहे. खड्डा आला की ते दोन्ही हातांनी उचलून धरतात, जणू लेकरू झोपलं आहे.

घोंगडीत छऱ्याची बंदूक होती. जत्रेत फुगे फोडायला असते ती. नळी मधून वाकवली की आतली स्प्रिंग ताणली जाते. घोडा दाबला की सुटते. या वाकवण्याला फुगेवाले 'मोडणं' म्हणतात. नामाजी फळीवर फुगे लावायचे. त्यांची बायको, अनुसयाबाई, बंदूक मोडून गिऱ्हाइकाला द्यायच्या.

नऊ वर्षांपूर्वी, हट्टा गावच्या जत्रेत, त्यांनी बंदूक मोडली आणि छरा घालायच्या आधीच खाली बसल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

नामाजींनी बंदूक तशीच ताणलेली पेटीत ठेवली. घोडा कुणाला दाबू दिला नाही. आत अनुसयाबाईंच्या हाताचा जोर होता. बाळापूरच्या घरात ते एकटेच असत. दिवेलागणीला पेटी उघडून बघायचे आणि लावून टाकायचे. उन्हाळ्यात तेवढी नात पुनम नांदेडहून यायची. आजही ती सोबत होती.

बाजारात भेटलेल्या वसराम मिस्त्रीनं त्यांच्या जिवाला घोर लावला होता. इतकी वर्षं ताणलेली स्प्रिंग मरते, आतलं कातडी वॉशर वाळतं. सर्व्हिसिंग करून घ्या, नाहीतर एक दिवस आतल्या आत तुटेल.

कळमनुरीला वसरामच्या दुकानात नामाजींनी विचारलं, स्प्रिंग न सोडता तेलपाणी होईल का?

"शेंग न फोडता दाणे मागून राहिले तुमी," वसराम हसला. मग त्यांचा चेहरा पाहून त्यानं आवाज उतरवला. "सोडल्याबिगर उघडता येत न्हाई, नामाजी. आन तशीच ठेवली तर तुटनार."

नामाजी स्टुलावर बसून राहिले. समोरच्या चहावर साय धरली. वसरामनं घाई केली नाही. पुनम आजोबांकडे बघत होती.

शेवटी त्यांनी नळी कोपऱ्यातल्या पोत्याकडे केली, डोळे मिटले आणि घोडा दाबला.

ठप्प. ओली चिंधी पडावी तेवढाच आवाज.

वसराम म्हणाला, वॉशर फाटलं असेल, नवं टाकू. नामाजींना ते ऐकूच गेलं नाही.

"थकली व्हती ती त्या दिशी," ते म्हणाले. "हातात जोरच नव्हता. शेजारी हुबा व्हतो मी, आन मला कळलं न्हाई. मी आपला फुगे लावून राहिलो."

वसरामनं पेचकस खाली ठेवला.

पुनम उठली. आजोबांसमोर जाऊन तिनं आपलं बोट पुढं केलं. नख काळंनिळं पडलं होतं, नळीत सापडल्यासारखं.

"आजीची लई जोरात सुटली व्हती, आबा," ती म्हणाली. "आठ दिस झाले, तुमी शेतात व्हता. ही मी मोडलेली."