चिंधी बांधलेले दहा कांदे

पौर्णिमाने पर्समधून एक लाल चिंधी काढून बाजेवर ठेवली. मग दुसरी, मग तिसरी. अशा दहा.

"ओळखता का, मावशी?"

माणिकबाई अंबाडीची पानं खुडत होती. तिने हात न थांबवता तिरपं पाहिलं.

"माया जुन्या लुगड्याच्या हायेत. अन् मंग?"

पौर्णिमा अमरावतीच्या एका मंडळाची. हे मंडळ आपल्याकडची रानातली झाडं-वेली शोधतं, त्यांचं बेणं वाढवतं आणि मागेल त्याला फुकट वाटतं. हे फुकट वाटणं माणिकबाईला वैशाखापासून पचलं नव्हतं. त्यात यांचा काहीतरी डाव असणार, हे तिचं पक्कं मत. आणि तिचाच काहीतरी डाव आहे, हे पौर्णिमाचं मत गेल्या आठवड्यात पक्कं झालं होतं.

वैशाखात मंडळाने तिच्याकडून काटवलाचे, म्हणजे कर्टुल्याचे, जमिनीतले दहा कांदे नेले होते. डोंगरातलं जुनं वाण, बारीक काट्यांचं. आसपासच्या रानातून ते गेलं आणि उरलं ते फक्त या बाईच्या बोरकाटीच्या कुंपणावर. मंडळाच्या बागेत दहाही वेल मांडवावर चढले, फुलांनी भरले. काटवल मात्र एकालाही धरलं नाही.

"दहाच्या दहा नर निघाले, मावशी. आणि दहांच्याही मानेला ही चिंधी. असं चुकून होत नाही."

"नर न् मादी मले नाई समजत. मांगच्या पावसायात ज्यायले फूल आलं पन फळ नाई, त्या वांझायले चिंधी बांधली. थेच तुमाले देले."

"म्हणजे मुद्दाम दिले."

"मंग का धरते वेल देऊ?" माणिकबाईने परात बाजूला सरकवली. "उद्या तुमी घरोघर काटवल लावान, तं अचलपूरच्या बाजारात माया टोपल्याले कोन पुसन? वर्षातून दोन महिने चालते थे."

पौर्णिमाला राग आला. बाईचं म्हणणं अगदीच खोटं नाही, याचा तर जास्तच आला.

"आता माई बाजू आयका," माणिकबाई उठली. "वैशाखात तुमी पाचजनं आलते. मोबाईल वर करून फोटू काढले. थो चष्मेवाला दोनदा कुपाभवती फिरला. अन् औंदा माया एका वेलाले काटवल नाई. टोपलं उपडं पडलं हाय घरात. काय टाकून गेले तुमी?"

"आम्ही कशाला काय टाकू?"

"मले तं थेच पुसाचं हाय."

दोघी कुंपणाशी गेल्या. दिवस कलला होता. काटवलाची फुलं याच वेळेला उमलतात, तशी ती उमलत होती. पौर्णिमाने एक फूल उलटं करून पाहिलं. देठाशी मादीफुलाला असते तशी काटेरी बोंडी होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. खाली कालच्या बोंड्या पिवळ्या पडून गळल्या होत्या. ती कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. बोंडी नसलेलं फूल कुठेच नव्हतं.

"मावशी, वांझ वेल होते किती?"

"दहा."

"एखादा ठेवलात का?"

"ठेवून काय करू? सारे खंदून तुमाले देले."

पौर्णिमाला हसू फुटत होतं, पण तिने ते आवरलं. "ते वांझ नव्हते हो. या सगळ्यांचे नर होते. त्यांच्या फुलातली पूड लागल्याशिवाय या धरणार नाहीत. इथे नर नाही आणि आमच्याकडे मादी नाही."

माणिकबाईने खाली गळलेली एक पिवळी बोंडी उचलली.

"म्हंजे कळपातला सांडच काढून देला मीनं."

पौर्णिमाने डबा उघडला. ओल्या फडक्यात मंडळाच्या बागेतल्या नर वेलांच्या, दुपारी खुडलेल्या कळ्या होत्या. भांडणात पुरावा म्हणून आणल्या होत्या, आता त्या उमलल्या होत्या. तिने एक फूल उचलून जवळच्या मादीफुलाकडे नेलं, तोच माणिकबाईने तिचं मनगट धरलं.

"काय लावून राहिली?"

"फूलच आहे. तुमच्याच वेलाचं."

माणिकबाईने ते हातातून काढून घेतलं, हुंगलं, चिमटीत चोळून पिवळी पूड पाहिली. मग डबाच घेतला आणि एकेका फुलाला स्वतःच पूड लावत गेली. पौर्णिमाला तिने एकाही फुलाला हात लावू दिला नाही.

"आता मला एक धरता कांदा द्या," पौर्णिमा म्हणाली.

"फुलातला वेल खंदला तं मरते. घरात पोत्यात एक हाय."

ती आत गेली. एक कांदा आणायला लागावा त्याहून जास्त वेळ लागला. आणला तो मातीने भरलेला होता, बोटभर कोंब आलेला. पान नाही, फूल नाही. पौर्णिमाने आधी त्याची मान पाहिली. चिंधी नव्हती. बांधून सोडल्याची खूण आहे का, म्हणून तिने माती पुसून कांदा उजेडाकडे धरला. पण उजेड तेवढा राहिला नव्हता. वांझ सारे दिले, असं बाई म्हणाली होती खरी.

"मावशी, हा धरत्या वेलाचाच आहे ना?"

माणिकबाई डब्याचं झाकण लावत होती. उरलेली फुलं तिने परत केली नाहीत.

"आठ दिवसानं ये," ती म्हणाली. "माया वेलाले काटवल धरलं, तं तुया कांद्यालेही धरन."