समितीपुढचं प्रात्यक्षिक

विद्यापीठाच्या जैववैद्यकीय अभियांत्रिकी विभागाने बनवलेलं हृदय हौसाबाईंच्या छातीत होतं, म्हणून प्रत्येक तपासणी समितीपुढे त्यांनाच बसवत. विभागप्रमुख निरगुडे बटण दाबून ते दहा सेकंद थांबवत आणि पुन्हा चालू करत. टाळ्या पडत, नवी इमारत मंजूर होई. दर वेळी बाईंना काहीतरी आठवेनासं होई. मागच्या खेपेला लेकीचं नाव गेलं.

आज लेक शेवंता आडवी आली. "सर, आता तुमचं बंद करून दाखवा!"

निरगुडे हसले. "माझं आईने दिलेलं आहे, पोरी. थांबलं तर चालू कोण करणार?"

शिपायांनी तिला बाहेर ओढलं. समितीचे अध्यक्ष काजू तोंडात टाकत म्हणाले, "शेजारच्या विद्यापीठात आम्ही पंधरा सेकंद पाहिले."

निरगुडेंनी बटण दाबलं आणि सोळापर्यंत मोजलं.