ठसा वाळेपर्यंत

सकाळी पावणेसात. बेळ्ळंदूरच्या तळ्यामागच्या गल्लीत तीन मोटरसायकली येऊन थांबल्या, तेव्हा वीरगळावरचा कागद अजून ओला होता.

शिलालेखांच्या अभ्यासक हेमलताबाईंच्या हातात शाईचा बोळा होता. वीरगळावरचा झिजलेला लेख त्यांनी दगडावरच वाचला होता. फोटोत अक्षरं उमटत नव्हती, म्हणून पुराव्यासाठी ठसा हवा होता. ओला कागद ओढला की फाटतो. वाळेपर्यंत तिथून हलता येत नाही. ड्रायव्हर महांतेशने हळूच सांगितलं, गाडीत बसा. त्या कागदापाशीच उभ्या राहिल्या.

पुढे आला तो नागराज. दगडाची पूजा त्याच्या घराण्याकडे. हा वीर परक्या फौजेला अडवताना पडला, असं सगळी गल्ली मानत आली होती. जत्रेच्या फलकावरही तसंच छापत. कालच्या पेपरात बाईंनी वेगळं सांगितलं होतं. शेजारच्या गावाने पळवलेल्या गायी सोडवताना तो मेला.

"अक्का, आठशे वर्षं तो सैनिक होता," नागराज म्हणाला. "तुम्ही एका दिवसात त्याला गुराखी केलात."

"मी नाही केलं." बाई म्हणाल्या. "दगड त्याच्या भावाने बसवलाय. भावानेच तसं कोरून घेतलंय."

मागच्या एकाने महांतेशच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. नागराज दगडासमोर उकिडवा बसला आणि थांबून राहिला. बराच वेळ. कागदाच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या, तसा त्याने हात पुढे केला.

"कसा काढायचा? स्वल्प सांगा."

सांगू नये, हे बाईंना कळत होतं. पण त्याची नखं कागदाखाली शिरताना दिसली आणि तोंडून निघून गेलं, "वरच्या कोपऱ्यातून. सावकाश. ओढू नका."

त्याने ओढला नाही. अख्खा कागद सुटून आला. तो उजेडाकडे धरून त्याने बराच वेळ पाहिला.

"भावाचं नाव कुठल्या ओळीत?"

"चौथ्या."

"सरी, ठीक आहे," म्हणत त्याने कागद गुंडाळला, शर्टात घातला आणि मोटरसायकल सुरू केली. बाकीचेही निघाले. किल्ली बॉनेटवर टाकून गेले.

दुपारी बारापर्यंत नागराजने बाईंचा फोन उचलला नव्हता. महांतेश एकटाच जाऊन पाहून आला. दगड अजून उभा होता. बुडाशी चारही बाजूंनी माती नुकतीच उकरलेली होती, दगड उपटायला उकरतात तशी.