गॅलरीवरची भेग

गॅलरीवर भेगा चार होत्या. तीन केसासारख्या. चौथी भिंतीला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्यात लग्नपत्रिकेची कड सहज जात होती. खालच्या अंगाला एकही भेग नव्हती.

इंजिनिअर वैदेही गुडघे टेकून बघत होती. मागे तिचे वडील काशीनाथ गुरुजी कमरेवर हात ठेवून उभे होते. दारात आश्रुबा मिस्त्री.

"गज खाल्ले यानं," गुरुजी म्हणाले. "चौदा ठरले होते. गजांची जाळी बांधली तवा मी स्वतः मोजले. नारळ फोडला, भावकीतले पंधरा जण जाळीवर उभे राहून फोटो काढला. आमी जेवायला उतरलो, तेवढ्यात यानं गज काढले अन् काँक्रीटचा माल ओतला. उद्या पारावरच सांगतो. मग बघू पेडगावात याला काम कोण देतंय!"

"गुरुजी, म्या तवाच म्हणलो व्हतो, जाळीवर इतकी माणसं चढली की ती खाली—"

"तू गप ऱ्हा!"

वैदेहीलाही मिस्त्रीचाच संशय होता. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. भिंतीतून पुढे आलेल्या गॅलरीला ताण वरच्या अंगाला बसतो. तो गजांनी घ्यायचा, म्हणून गज वरून पंचवीस मिलिमीटरवर हवेत. भेग वरच पडली होती, म्हणजे तिथं लोखंड कमी पडलं होतं. आणि आश्रुबा काही केल्या नजर वर करत नव्हता.

तिनं गज शोधायचं यंत्र पिशवीतून काढलं. तसा तो झटकन पुढे आला.

"ताई, मशीन ऱ्हाऊ द्या. पाडून नवी घालून देतो. मजुरी बी नको."

"बघ, आता कसा घाम फुटलाय!" गुरुजी म्हणाले.

फुकट काम कोण करून देतं? वैदेहीनं यंत्र भेगेच्या कडेनं हळूहळू सरकवलं. ते वाजलं की ती खडूनं खूण करी. गुरुजी वर्गात मोजावं तसं मोठ्यानं मोजत होते. दहानंतर त्यांचा आवाज उतरला. चौदाला ते थांबले. आश्रुबा खाली रस्त्याकडे बघत राहिला.

तिनं प्रत्येक खुणेवर पुन्हा यंत्र ठेवलं. या वेळी खोली मोजली. दोनदा मोजली. मग यंत्राचा पडदा वडिलांकडे वळवला.

गॅलरीची जाडी सव्वाशे मिलिमीटर. गज चौदा. वरून खोली हवी होती पंचवीस, भरली सरासरी ब्याण्णव मिलिमीटर.